शब्बाथ शाळेतली नऊ दानं

रविवारच्या शब्बाथ शाळेत वीस-बावीस वर्षं मुलं शिकवली की घरात दोन गोष्टी साठतात. एक म्हणजे खडूनं पांढरे झालेले पदर, आणि दुसरी म्हणजे किस्से! पदर सोमवारी धुतला की स्वच्छ. किस्से कुठे नेऊन धुवायचे?

भक्ती आटोपली की आम्ही तीन-चार जुने शिक्षक ठाण्याच्या आमच्या चर्चच्या ओट्यावर टेकतो. कुणीतरी चहा आणतं, आणि कुणीतरी म्हणतंच, "बाई, ते दानांचं सांगा ना!" मग मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. नंतर तळ्याच्या काठानं एकटी घरी जाताना त्याच गोष्टी आठवतात आणि पाऊल उचलवत नाही. किस्से तेच बरं का, एक अक्षर इकडचं तिकडे नाही!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमच्या शास्त्रात असं आहे, की पवित्र आत्मा विश्वास धरणाऱ्यांना कृपादानं वाटतो. कुणाला हे, कुणाला ते. एकूण नऊ. ज्ञान, विद्या, विश्वास, रोग बरे करणं, चमत्कार करणं, पुढचं सांगणं म्हणजे भविष्यवाद, आत्मे ओळखणं, निरनिराळ्या भाषा बोलणं आणि त्या भाषांचा अर्थ सांगणं.

आमच्या शाळेची देखरेख एका मडमसाहेबांकडे होती. त्या दर तीन महिन्यांनी मुंबईहून यायच्या. त्यांनी एकदा फर्मान काढलं, की प्रत्येक मुलाला नऊच्या नऊ दानं पाठ हवीत आणि अर्थही कळायला हवा! शिवराम मास्तर आमचे सुपरिंटेंडेंट. ते मला म्हणाले, "बाई, लहान मुलांना सोपं करून सांगायचं काम तुमचं."

आणि मी हो म्हणाले! एकवीस वर्षांची होते. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतं.

*

ती दुष्काळाची वर्षं. देशावरून माणसं घाट उतरून येत होती. कुणी रेल्वेच्या खडीवर राबायचं, कुणी मिठागरावर, कुणी नुसतंच रस्त्याच्या कडेला बसून असायचं. आमच्या वर्गात तेव्हा बारा मुलं होती. शाळा सुटताना मी मोठ्या हौसेनं सांगितलं, "पुढच्या रविवारी सगळ्यांनी यायचं हं. आपण कृपादानं घेणार आहोत!"

घेणार म्हणजे धडा घेणार. पण मुलं घरी जाऊन काय बोलली असतील, ते तुम्हीच समजा.

पुढच्या रविवारी मी येऊन बघते, तर अंगणात साठ-सत्तर मुलं! प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणाकडे पातेलं, कुणाकडे लोटा, एकाकडे तर नुसती करवंटी. कुंपणाबाहेर त्यांच्या आया उभ्या. मास्तरांना वाटलं, केवढं हे देवाच्या वचनाचं वेड! ते डोळे मिटून उपकारस्तुती करायला लागले.

मी सुरुवात केली. "पहिलं दान ज्ञानाचं."

कुंपणाबाहेरून एक बाई म्हणाली, "जवारीचं नाही?"

"दुसरं दान विद्येचं..."

"बाई, नाचणी असली तरी चालंल!"

मी नऊ दानं पुरी करेपर्यंत अंगण रिकामं झालेलं. शेवटी एकच मुलगी उरली. नगरकडची, सहा-सात वर्षांची, नाव गंगी. तिनं हातातलं पातेलं एकदा आतून बघितलं, मग जमिनीवर पालथं घातलं आणि त्यावर बसली.

"असू द्या बाई," ती म्हणाली. "बसायला तरी झालं!"

इथे ओट्यावर हमखास हशा येतो. म्हणून पुढचं मी सांगत नाही. ते पातेलं लख्ख होतं. बुडाला काजळीचा ठिपका नव्हता. किती दिवस ते चुलीवर चढलं नव्हतं, ते दिसत होतं.

*

कोलशेतच्या बाजूला मिठागरं आहेत. तिथला एक मुलगा यायचा, बारकू. मिठागरावर काम करणाऱ्यांचे पाय तुम्ही पाहिलेत? खाऱ्या पाण्यानं टाचा चिरतात, बोटांच्या बेचक्यात जखमा होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात उभं राहायचं.

रोग बरे करण्याचं दान ऐकलं आणि बारकू उठून उभा राहिला. "बाय, ह्या मना पायजे!"

"असं मागून हातात मिळत नाही रे. प्रार्थना करावी लागते."

"करतो की!"

पंधरा दिवसांनी त्याचा बाप माझ्या दारात. कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं. मला वाटलं, आता हा भांडणार. तो म्हणाला, "बाय, पोराला जरा सांगा, रोज सकालचं माजं पाय धरून बसतं. सोडत नाय. मना कामावर उशीर होतो, मुकादम वरडतो."

"सांगते," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तो जायला वळला आणि परत थांबला. "नको, ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "बरा वाटतं. इतक्या वर्सांन माज्या पायाला कोनी हात लावला नवता."

हे ऐकून मी आठवडाभर हवेत होते! बावीस वर्षांत तेवढाच एक आठवडा.

मग बारकू आला. वर्गात बसला नाही, दारातच उभा राहिला. "बाय, पाय तसंच हान," म्हणाला. "मना दान भेटला नाय. माजा दुसऱ्या कोनाला देवा." आणि तो गेला. मी हाक मारली, पण काय सांगायला मारली ते मलाच माहीत नव्हतं. तो काही परत आला नाही.

*

एक छोटासा सांगते. चमत्काराचं दान शिकवत होते. विचारलं, "तुमच्यापैकी कुणी चमत्कार पाहिलाय का?"

एका मुलानं हात वर केला. "मी पाहिला! कल्याणला जाताना गाडी मुंब्र्याच्या डोंगरात शिरली आणि पलीकडून जशीच्या तशी बाहेर आली!"

"जशीच्या तशी?"

त्यानं जरा विचार केला. "नाही बाई. गाडी तशीच होती. माणसं काळी होऊन निघाली!"

मास्तर पलीकडच्या वर्गातून ओरडले, "बाई, तुमच्याकडे आत्म्याची दानं चाललीत की इंजिनाची?"

*

मग मडमसाहेबांची परीक्षा आली. मडमसाहेब मनानं चांगल्या. पण त्यांचं मराठी! त्या ते पुस्तकातून शिकलेल्या आणि पुस्तकातच ठेवून आलेल्या. "तुम्ही बसा" म्हणायचं असलं तरी त्या असं काही म्हणायच्या, की मुलं उभी राहायची.

त्यांनी पहिल्याच बाकावरच्या मुलाला विचारलं. काय विचारलं ते कुणालाच कळलं नाही. मास्तरांनी हळूच सांगितलं, "अरे, निरनिराळ्या भाषा बोलण्याचं दान कुणाला मिळतं, असं विचारतायत."

मुलगा ताडकन म्हणाला, "मडमसाहेबांना! त्या बोलतात आणि कुणालाच कळत नाही!"

मुलगा थांबायला तयार नाही. "आणि अर्थ सांगायचं दान आमच्या मास्तरांना! ते मडमसाहेबांचं मराठी आम्हाला मराठीत सांगतात!"

मडमसाहेबांनी मास्तरांकडे वळून विचारलं, मुलगा काय म्हणाला?

मास्तरांनी एकदा छताकडे बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "तो म्हणतो, मडमसाहेबांवर आत्म्याचं मोठं दान आहे."

मडमसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं! त्यांनी त्या मुलाला रंगीत चित्राचं कार्ड दिलं आणि शाळेच्या वहीत शेरा लिहिला, की या शाळेतल्या मुलांना धड्याचा अर्थ फार खोलवर कळला आहे.

त्या शेऱ्यामुळे पुढच्या वर्षीही आम्हाला तोच धडा दिला!

*

पाळकसाहेबांची मुलगी राहेल माझ्याच वर्गात होती. एका रविवारी भविष्यवादाचं सांगत होते, तर ती उठून म्हणाली, "बाई, मी सांगते पुढचं. पुढच्या रविवारी गंगी येणार नाही."

पातेल्यावर बसणारी गंगी ती हीच. त्या पहिल्या रविवारपासून तिनं एकही रविवार चुकवला नव्हता. आता नऊ वर्षांची झालेली. तिची माणसं रेल्वेच्या चाळीमागे झोपडं बांधून राहिली होती. राहेलचं ऐकून सगळा वर्ग हसला, गंगीही हसली.

पुढच्या रविवारी गंगीची जागा रिकामी.

"राहेल, तुला कसं गं कळलं?"

"त्यांच्या दारात मांडवाच्या मेढी येऊन पडल्यात, बाई. सगळ्यांना दिसल्या. तुम्हालाच नाही दिसल्या."

मी सोमवारी गेले. मांडव उभा होता. गंगी हळदीनं पिवळी होऊन एका पाटावर बसलेली. नवरा मुलगा कुठे, तर नगरकडे, आणि लग्न लागलं की तीही तिकडेच जायची. मला बघून ती इतकी आनंदली! "बाई, मला नऊ येतात. म्हणून दाखवू?" आणि घरभर पाहुण्या बायका बसलेल्या असताना तिनं ती घडाघडा म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही. वर्गात तशी कुणालाच येत नव्हती.

मी तिच्या आईला बाजूला घेतलं. लहान आहे, थांबा, वाचायला शिकतेय, मी तिला मुंबईच्या शाळेत ठेवते, जे सुचलं ते सगळं बोलले. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावली नाही की तोडून बोलली नाही. दुष्काळात तिची दोन मुलं घाटातच राहिली होती. उरलेल्या एकीला चार घास मिळतील असं घर सापडलं होतं, तेवढंच तिला दिसत होतं.

माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, तुमी एवढी नऊ दानं शिकवली पोरीला. त्यात कन्यादान कसं न्हाई?"

*

आत्मे ओळखण्याचं दान शिकवू नका, असं मी मास्तरांना पहिल्यापासून सांगत होते. ते म्हणायचे, "यादीतलं एक गाळायचं कसं?" त्यांनी ते मोठ्या मुलांना मन लावून शिकवलं. खरा आत्मा कुठला, खोटा कुठला, पारख कशी करायची, सगळं फळ्यावर काढून!

मुलांनी घरी जाऊन सांगितलं, की आमच्या शाळेत भुतं ओळखायला शिकवतात.

आठ दिवसांत चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी सुनेला घेऊन शाळेत हजर. सून अठराएक वर्षांची असेल. तिचं मूल पाळण्यात गेलं होतं आणि तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती. नुसती बसायची आणि मांडीवर हात हलवत राहायची, मूल थोपटल्यासारखा.

"तुमचा आत्मे वळखनारा पोरगा खंय हाय?" म्हातारीनं विचारलं. "हिला दाखवाचीय. तीन भगत जाले."

मास्तरांनी समजावायला घेतलं. भूत नसतं, ही शिकवण वेगळी आहे, हे आत्मिक आहे. म्हातारी ऐकत होती. मास्तर चांगले बोलायचे हो! पण बोलता बोलता त्यांचं लक्ष त्या हलणाऱ्या हाताकडे गेलं आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

"म्हंजे तुमाला येत नाय?" म्हातारी म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले.

"कोनालाच येत नाय?"



म्हातारीनं सुनेचा हात धरला, तिला उठवलं, आणि दारापर्यंत जाऊन मागे वळली. चिडून नाही, खरंच कोडं पडल्यासारखं तिनं विचारलं, "मंग शिकवता कशाला?"

*

मास्तर त्यानंतर फार दिवस टिकले नाहीत. चार महिन्यांनी त्यांनी पाळकसाहेबांकडे राजीनामा दिला. मला वाचून दाखवला. मजकूर एका ओळीचा होता: 'मला शिकवण्याचं कृपादान मिळालेलं नाही, तरी मोकळं करावं.'

पाळकसाहेब हिशेबी माणूस. त्यांनी चष्मा पुसला, यादी काढली, वरून खाली बोट फिरवलं. मग म्हणाले, "मास्तर, हे कारण मला मान्य करता येत नाही. शिकवण्याचं दान या नवांत नाहीच!"

मी आणि मास्तरांनी एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही ती यादी तोंडपाठ म्हणत होतो. आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं!

"नाही कसं?" मी म्हटलं. "असं कसं नसेल?"

"आहे, आहे," पाळकसाहेब म्हणाले. "पण ते दुसऱ्या यादीत आहे. ती यादी आपल्या अभ्यासक्रमात नाही."

मास्तर दुसऱ्या महिन्यात रेल्वेत तारमास्तर म्हणून लागले. मी म्हटलं, "आता काय शिकवणार?" ते म्हणाले, "काही नाही. इकडून आलेलं तिकडे कळवायचं. आणि बाई, तिकडे ते पोचतं!"

*

आमचे हे उपदेशक होते. पुढे त्यांची कल्याणला बदली झाली. तिथे ना चर्च, ना बाकं. भाताच्या गिरणीमागे एक खोली भाड्यानं घेतली. रविवारी गिरणी बंद असली तरी भुसा मात्र उडायचा. मुलं शिंकायची, मी शिंकायची. पहिल्या वर्षी वर्गात तीन मुलं. त्यातली एक आमचीच, सारा.

सारा दहा वर्षांची असताना एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलेलो. तिनं विचारलं, "आई, तुला कुठलं दान मिळालं गं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तरी कुठे विचारला होता? मी म्हटलं, "बघूया की."

तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. "ज्ञान?" मग स्वतःच म्हणाली, "ते बाबांना. विद्या? ती पाळकसाहेबांना. विश्वास?"

मी तांदळातला खडा काढला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढचं बोट धरलं.

"रोग बरे करणं? नाही, मला खोकला झाला की तूच रडतेस. चमत्कार नाही. भविष्यवाद नाही. आत्मे ओळखणं? तुला तर दूधवालाही ओळखता येत नाही, रोज फसवतो! भाषा? तुला मराठीच येते. आणि अर्थ..." ती थांबली. नऊ बोटं संपली होती. दहावं नुसतंच वर राहिलेलं.

मी तांदूळ पाखडत राहिले. वाटलं, पोर आता हसेल. पण ती हसली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, मोठ्या बायका सांत्वन करतात ना, तशा आवाजात म्हणाली, "आई, वाटताना तुझं चुकून राहून गेलं असेल!"

*

आता शेवटचा सांगते. हा मी ओट्यावर फारसा सांगत नाही.

गाठीचा ताप कल्याणात शिरला ते वर्ष. उंदीर पडायला लागले आणि मग माणसं. सरकारी माणसं घरोघर फिरायची, कौलं काढून घरात ऊन सोडायची, गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या करायची. विठ्ठलवाडीच्या बाजूला माळावर नारळाच्या झापांच्या झोपड्या बांधल्या होत्या. आजारी माणसं एका अंगाला, त्यांच्या घरची दुसऱ्या अंगाला.

आमचे हे रोज तिथे जायचे. कुणाजवळ बसायचे, कुणाला पाणी पाजायचे. मी जाऊ नका म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, ते अजून कळत नाही. एका सोमवारी ते ताप घेऊन आले आणि शुक्रवारी आम्ही त्यांना पुरलं.

त्यानंतरच्या रविवारी मी वर्ग घेतला. दुसरं काय करायचं ते सुचेना. चार मुलं आली. त्यात दगडू होता. गिरणीतल्या एका हमालाचा मुलगा. दीड वर्ष तो माझ्याकडे येत होता आणि दीड वर्षात त्याची गाडी तीन दानांच्या पुढे गेली नव्हती. ज्ञान, विद्या, विश्वास, की दगडू थांबला! मारून बघितलं, गूळ देऊन बघितलं. चौथं काही निघायचं नाही.

त्या दिवशीही तो उभा राहिला. "ज्ञान, विद्या, विश्वास..." आणि डोकं खाजवायला लागला.

"चौथं?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतोय.

"अरे, चौथं काय?"

बघतोच आहे.

"रोग बरे करणं!" मी किंचाळले. "रोग बरे करणं, दगड्या! इथे माणसं मरतायत आणि तुला नेमकं तेवढंच आठवत नाही? चालता हो! चौथं आल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस!"

मुलं घाबरून भिंतीला चिकटली. दगडूनं पाटी उचलली आणि तो निघून गेला. मी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

गुरुवारी मला ताप भरला. काखेत गाठ. साराला पाळकसाहेबांनी येऊन ठाण्याला नेलं. मला डोलीत घालून माळावर. खरं सांगते, मला बरं व्हायचंच नव्हतं. प्रार्थनाही करत नव्हते. कुणासाठी करायची, काय मागायचं? माझ्या उजव्या हाताला एक बाई होती, ती दुसऱ्या दिवशी गेली. तिच्या जागी दुसरी आली, तीही गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे मिटून पडलेले. झापाच्या पलीकडून, अगदी माझ्या उशाशी, आवाज आला. "ज्ञान, विद्या, विश्वास..." मग सगळं शांत. आणि मग धावत गेलेली पावलं.

वाटलं, तापात भास झाला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन दानं, शांतता, पावलं.

तिथे एक आया होती, काम करून करून वाळलेली. ती म्हणाली, "गिरणीतल्या हमालाचं पोर आहे. त्यांची चाळ रिकामी केलीय, पलीकडच्या अंगाला राहतात. रोज येतो. मी म्हटलं, समोरून ये की, दारातून बघ बाईंना. तर म्हणतो, बाईंनी तोंड दाखवायचं नाही असं सांगितलंय."

मी भिंतीकडे कूस वळवली. रडायला अंगात पाणी नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरचा हाताखालचा माणूस आला. माझी नाडी धरून आयाला म्हणाला, "हिचं आज आटपेल. घोंगडी काढून ठेव." मला ऐकू येतंय हे त्याला माहीत नसावं. ऐकून मला वाईट वाटलं नाही. आटपेल, हा शब्द मला फार बरा वाटला.

दुपार झाली. ऊन झापांतून आत टोचत होतं. पलीकडे पावलं येऊन थांबली.

"ज्ञान."

मी ऐकत होते.

"विद्या."

"विश्वास..."

मग शांतता. रोज असायची तशीच. मी पावलांची वाट बघत राहिले, पण पावलं वाजली नाहीत. आणि मग आवाज आला, स्पष्ट, जवळून. "रोग बरे करणं."

त्यानंतर मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा अंगाखालची चटई घामानं ओली झालेली, गाठ फुटलेली आणि ताप उतरलेला. आया घोंगडी काढायला आली होती, ती माझ्याकडे बघून तशीच मागे सरली.

उभं राहायला मला तीन आठवडे लागले. काठी धरून पहिल्यांदा चालले ती पलीकडच्या अंगाला. दगडू पाण्याच्या पिंपापाशी होता. मला बघितलं आणि त्यानं झटकन पाठ केली.

"दगडू, इकडे बघ."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अरे, आता दाखव की तोंड! आलं ना तुला चौथं? म्हण बघू."

त्यानं हात काढले. ताठ उभा राहिला. "ज्ञान, विद्या, विश्वास..." आणि डोकं खाजवायला लागला.

"पुढे?"

तो माझ्याकडे बघतोय.

"अरे, त्या दिवशी म्हणालास ना? झापाच्या मागून! मी माझ्या कानांनी ऐकलं."

"नाही बाई," दगडू म्हणाला. "मी रोज तीनच म्हणायचो. चौथं आलं असतं, तर समोरून नसतो का आलो?"